गल्लीची खुर्ची

त्या दिवशी सकाळी बटणांच्या दुकानात नेहमीसारखी आवराआवर चालली होती. वहिनी स्टुलावर चढून वरच्या ओळीतले खण पुसत होत्या. जमिनीपासून छतापर्यंत गेलेली ती लाकडी खणांची भिंत मला अजून जशीच्या तशी दिसते. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचे एक बटण टाचलेले असे. शिंगाचे, शिंपल्याचे, पितळेचे, कापडाने मढवलेले. गिऱ्हाईक नाव सांगत नसे, नुसते बोट दाखवी. आता बटणे सीलबंद पिशव्यांतून येतात आणि एक तुटले तर माणूस शर्टच टाकून देतो. त्या काळी कोटाचे बटण हरवणे ही घरातली एक घटना असे.

आमची गल्ली सगळी शिवणाचीच होती. शिंपी, अस्तरवाले, दोरेवाले, इस्त्रीवाला, मशीन दुरुस्त करणारा. बटणांचे दुकान आबांनी काढले होते. आबा गेले, आणि ते त्यांच्या मुलाकडे आले. त्याला सगळी गल्ली दादा म्हणे, म्हणून त्याची बायको सगळ्यांची वहिनी. व्यापारी मंडळाचे अध्यक्षपदही आबांकडून दादांकडे आपसूक आले, जशी घराची कुलूपकिल्ली येते. आणि त्याबरोबर खुर्ची आली.

या खुर्चीविषयी सांगितल्याशिवाय पुढचे काही सांगता येणार नाही.

पूर्वी गल्लीत चोर सापडला की मार पडे. येणाराजाणाराही एक लगावून जाई. एकदा अशाच मारात एका माणसाचा डोळा गेला. त्याने उचलले होते काय, तर एक कात्री. आबा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातली लोखंडी घडीची खुर्ची उचलली, गल्लीच्या तोंडाशी नेऊन मांडली आणि सगळ्यांना सांगितले, "आजपासून कुणी हात उचलायचा नाही. सापडला की इथं बसवायचा. दिवे लागले की सोडायचा. लोक बघतील, तेवढी शिक्षा पुष्कळ झाली." कोपऱ्यावरच्या घरात कलमकाका राहत. ते कोर्टात कारकून होते आणि त्यांच्या तोंडी सतत कलमे असत. ते म्हणाले, "कायद्यातही आहे. चोराला साधा माणूसही धरू शकतो." मग काय, गल्लीची छाती इतकी फुगली की सदऱ्याची बटणे तुटावीत.

मार बंद झाला हे खरेच. ते मी नाकारणार नाही. लोक अभिमानाने सांगत, आमच्याकडे मारत नाहीत, पोलिसातही देत नाहीत, नुसते बसवतात. आबांच्या शोकसभेत कोणीतरी म्हणाले, "मारणाऱ्या गल्लीला आबांनी बसवायला शिकवलं," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. 'खुर्ची देणे' हा शब्द घराघरात गेला. आया पोरांना म्हणत, "अभ्यास कर, नाहीतर खुर्ची देईन." आणि पोरे लगेच अभ्यासाला बसत.

तर त्या सकाळी काजवाली आली. ती हाताने काज करी. कोटाला काज पाडणे हे मशीनचे काम नव्हे असे जुने शिंपी मानत, आणि तिच्यासारखे काज गल्लीत कोणाचे नव्हते. शिंपी मास्तरांच्या दुकानातून ती कोट घरी नेई आणि काज-बटण करून परत आणून देई. नवरा नव्हता. एक लेक होती.

"वहिनी, काळ्या दोऱ्याची दोन रिळं."

"देते. लेक काय म्हणते?"

"चष्मा लागलाय तिला. आता म्हणते, आई, तुझे टाके मोजता येतात मला."

वहिनी हसल्या आणि रिळे काढायला मागे वळल्या. विक्रीच्या फळीवर शिंगाच्या तपकिरी बटणांचे एक कार्ड पडले होते. मघाचे गिऱ्हाईक बघून, न घेता गेले होते. रिळे हाताशीच होती, म्हणून वहिनी लवकर वळल्या. काजवालीचा हात पिशवीतून बाहेर येत होता आणि फळीवर कार्ड नव्हते.

दोघींची नजर भेटली. वहिनींनी काय केले असेल? त्या म्हणाल्या, "अगं, ते कार्ड चुकून पिशवीत गेलं बघ."

त्यांनी तिला वाट काढून दिली होती. काजवालीने 'अगंबाई' म्हणून कार्ड काढून ठेवले असते तर तिथेच सारे मिटले असते. पण मागच्या पडद्याआड दादा खोकी उघडत होते.

"काय गेलं पिशवीत?"

"काही नाही हो."

"काय गेलं, विचारतोय." दादा पडदा सारून बाहेर आले.

काजवालीने कार्ड काढले आणि फळीवर ठेवले. चुकून, हा शब्द तिच्यासाठी तयार होता. तो तिला का उच्चारता आला नाही कोण जाणे. ती म्हणाली, "घेतलं मी. चुकलं दादा."

दादा वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. ते एवढेच म्हणाले, "चुकलं ना? मग चल."

"दादा, इतकी वर्षं येते मी इथं."

"म्हणूनच. आबांनी आमच्या सख्ख्या मावसभावाला बसवला होता. आपला तो बाब्या असं या दुकानात कधी झालं नाही. आणि पोलिसात देत नाहीये, हे तरी लक्षात घे."

ती आपण होऊन चालू लागली. वहिनी फळीमागेच उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात दोन रिळे तशीच होती. आपल्याला वाईट वाटायला हवे असे त्यांना वाटले, पण आत काहीच हलले नाही. फार वेळ मांडी घालून बसले की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही. तसे काहीतरी झाले होते, फक्त पायाला नव्हे.

खुर्चीवर बसायच्या आधी काजवालीने एकच मागणे मागितले. "दादा, शाळा सुटायच्या आत सोडा. लेक याच गल्लीनं घरी येते."

"दिवे लागले की सोडतो. सगळ्यांना तोच नियम."

"मग उद्या बसवा. हवं तर दोन दिवस बसते. परवा बसते. आज शाळा सुटायच्या आत सोडा."

"उद्याची खुर्ची असते का कुठं?" दादा म्हणाले, आणि आजूबाजूचे हसले. तिने विनोद केला असे त्यांना वाटले असावे.

गल्लीचे तोंड म्हणजे येण्याजाण्याचा मुख्य रस्ता. डावीकडे इस्त्रीवाला, उजवीकडे मशीन दुरुस्त करणारा. त्याला सगळे स्क्रू म्हणत. दोरी वगैरे कधी लागत नसे. माणूस उठायला लागला की कोणीतरी म्हणे, "ए, बस खाली," आणि तो बसे. काजवाली एकदा उठली तेव्हा स्क्रूने येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली दाबले. मग तेलाचा हात पुसत तो पुन्हा आपल्या कामाला लागला.

"काय काजवाली, आज भोक कुठं पाडलंस?" इस्त्रीवाल्याने विचारले.

"मास्तरांच्या अब्रूला!" पलीकडून कोणीतरी म्हणाले. पुन्हा हशा.

मास्तर स्वतः आले ते हसले नाहीत. ते खाली वाकून म्हणाले, "माझा माल तेवढा दे बाई." तिने पिशवीतून घडी केलेला कोट काढून दिला. मास्तरांनी तो उलटसुलट पाहिला. "खालचं बटण कुठंय?"

काजवाली रिकाम्या पिशवीची घडी घालू लागली. मास्तर कोट घेऊन गेले, आणि त्यांच्या दुकानातले तिचे काम त्या वेळी संपले. त्यासाठी वेगळे काही बोलावे लागले नाही.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा वहिनी तिच्यापाशी गेल्या. ऊन थेट खुर्चीवर येत होते.

"बटण हरवलं होतं, म्हणून?"

"धुवायच्या जागी निसटलं. मोरीतून गेलं. तपकिरी शिंगाचं होतं, हुबेहूब त्या कार्डावरचं."

"अगं, मग मागायचं ना. एक सुटं काढून दिलं असतं मी."

"मागितलं असतं, तर दादांनी मास्तरांना सांगितलं असतं. मास्तर म्हणाले होते, यापुढं एक बटण जरी इकडचं तिकडं झालं तरी कोट घरी द्यायचा नाही." तिने पदर कपाळावर ओढला. "एकच काढून घेणार होते आणि कार्ड परत आणून ठेवणार होते, असं आता म्हणावंसं वाटतं. पण खरंच ठेवलं असतं का, मला माहीत नाही." मग तिने वर पाहिले. "वहिनी, शाळा सुटायच्या आत."

"बघते," वहिनी म्हणाल्या.

दुकानावरच्या खोलीत जेवणे झाली. सासूबाई आधी जेवत. मग दादा आणि वहिनी. वहिनींनी दादांना वाढले, स्वतः घेतले नाही.

"तिला सोडा ना. पोर येईल शाळेतून."

"मग काय झालं? पोरीलाही कळेल, आईनं काय केलं ते. पुढं उपयोगी पडेल."

"घेतलं म्हणून कबूल केलं तिनं. कार्ड परत दिलं."

"म्हणूनच तर खुर्ची आहे. कबूल केलं नसतं तर चौकी होती." दादांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "तू उगाच मनाला लावून घेतेस. आपण अन्याय करतोय का? चौकीत गेली असती तर जन्माचा डाग. इथं काय, बसायचं आणि जायचं."

सासूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून होत्या. त्या म्हणाल्या, "यांनी खुर्ची ठेवली तेव्हा लोक पाया पडायला आले होते घरी. म्हणत, आबा, तुम्ही माणुसकी आणलीत. तू आता त्यात खोट काढू नकोस गं."

"मी खोट नाही काढत आई."

"आणि कायद्यात आहे ते," दादा म्हणाले. "चोराला कुणीही धरू शकतं. कलमकाकांना विचार हवं तर."

ते बोलायचे म्हणून बोलले. पण वहिनींनी जेवण झाकले, पायात चपला घातल्या, आणि त्या खरेच कलमकाकांना विचारायला गेल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत नवऱ्याच्या बोलण्याची खातरजमा करायला त्या पहिल्यांदाच कोणाकडे चालल्या होत्या. जाताना खुर्चीपाशी त्यांनी मान वर केली नाही.

कलमकाका निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. ते गॅलरीत आरामखुर्चीत बसून चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधत होते. माणूस आलेले पाहून त्यांना फार आनंद झाला. त्यांच्याकडे कोणी येत नसे.

"बस, बस. कायदा विचारायला आलीस? वा! चाळीस वर्षांत या गल्लीतून कोणी एक प्रश्न विचारला नाही मला. सगळे उत्तर घेऊनच येतात."

"काका, चोराला कुणीही धरू शकतं का?"

"शकतं." काकांनी चष्मा बाजूला ठेवला आणि सुरुवात केली. कोणत्या कलमाचा कोणता उपभाग, कोणते न्यायाधीश कसे खोकत, एका खटल्यात साक्षीदाराने पकडलेला चोर आपलाच मेहुणा असल्याचे कसे सांगितले. वहिनी मान डोलवत ऐकत होत्या. मोठ्या माणसाचे बोलणे तोडायचे नाही, हे त्यांना लहानपणापासून शिकवले होते. त्या शिकवणीची किंमत त्यांना त्या दिवशी कळली.

शेवटी त्या म्हणाल्या, "पण काका, धरल्यावर पुढं?"

"पुढं म्हणजे?"

"धरून काय करायचं?"

"हां. पुढं असं आहे, की धरायचा अधिकार आहे, ठेवायचा नाही. तुझ्या डोळ्यांदेखत मोठा गुन्हा घडला तर तू माणसाला धरू शकतेस. पण धरलं की वेळ न दवडता पोलिसांकडं द्यायचा. कोंडायचं नाही, बसवायचं नाही, शिक्षा तर मुळीच करायची नाही. शिक्षा कोर्टाची."

"आणि बसवून ठेवलं तर?"

"तर तो धरणाऱ्याचा गुन्हा. माणसाला अडकवून ठेवणं. त्याला वेगळं कलम आहे."

"हे तुम्ही आबांना सांगितलं नव्हतं?"

"अर्धं वाक्य बोललो होतो. तेवढ्यात सगळे खूश झाले. उरलेलं कुणी विचारलंच नाही गं." काका जरा ओशाळले. मग त्यांच्यातला कारकून पुन्हा जागा झाला. "आज कुणी पाहिलं? प्रत्यक्ष?"

"मी."

"म्हणजे धरायचा प्रश्न आलाच तर तो तुझा. दादानं पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. त्यानं कशाच्या जोरावर बसवली? अध्यक्ष म्हणून? अध्यक्षाला कलम नाही."

आणि त्याच वेळी शाळेची घंटा झाली. शाळा गल्लीला लागूनच, त्यामुळे गॅलरीतून ती स्वच्छ ऐकू आली. वहिनी उठल्या, चपला हातात घेतल्या आणि जिन्यावरून पळाल्या.

त्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचल्या तेव्हा पोरींचा घोळका आत शिरत होता. दप्तरे, वेण्या, एकमेकींना ढकलणे. मधोमध ती चष्मा घातलेली. खुर्ची रस्त्यातच होती, वळून जायला जागा नव्हती.

"ए, खुर्चीवर कोण बघ!" एक पोरगी म्हणाली. "काय चोरलं गं हिनं? तू ओळखतेस?"

"नाही," चष्मेवाली म्हणाली.

तिने चाल कमी केली नाही, वाढवलीही नाही. मैत्रिणीशी बोलत बोलत, समोर बघत ती खुर्चीच्या बाजूने निघून गेली. तिच्या दप्तराचा पट्टा आईच्या गुडघ्याला घासला. काजवालीने मान दुसऱ्या बाजूला वळवली, लेकीला सोपे जावे म्हणून. आई म्हणून मदत करायची ती शेवटची जागा उरली होती.

घोळका आत गेला. वहिनी काजवालीसमोर उभ्या राहिल्या. धाप लागलेली, चपला हातात.

"ऊठ. चल. जा घरी."

काजवाली म्हणाली, "आता कशाला? ती गेली." आणि बसून राहिली.

दादा दुकानातून बाहेर येत होते. "काय चाललंय? दिवे लागल्याशिवाय कुणी—"

वहिनींनी चपला खाली टाकल्या आणि दादांचे मनगट धरले. आजवर त्यांनी चारचौघांत नवऱ्याला स्पर्श केला नव्हता.

"चला."

"कुठं?"

"चौकीत. माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही या बाईला दिवसभर अडकवून ठेवलंय. मी तुम्हाला धरलंय."

आधी इस्त्रीवाला हसला आणि त्याच्यामागे सगळी गल्ली हसली. "दादा, गेलात तुम्ही! वहिनींनी बेड्या ठोकल्या!" "बांगड्यांच्या बेड्या, दादा, सुटका नाही!" "जामिनाला मी येतो!"

दादांनाही हसू आले. मनगट हिसडून सोडवले तर चारचौघांत बायकोशी झटापट दिसली असती. त्यापेक्षा थट्टा म्हणून चालणे बरे. "चला बाबा," ते म्हणाले, "घरातलं सरकार आहे, नाही कसं म्हणू?" आणि हात तसाच धरू देत ते चालू लागले. मागून लोक निघाले. कामे सोडून, हात पुसत, हसत. चौकी फार लांब नव्हती. वाटेत दादा दोनदा हळूच म्हणाले, "आता पुरे. सोड हात." वहिनींनी सोडला नाही. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला होता. त्यावर राग नव्हता. गिरणीतून दळण घेऊन निघालेल्या बाईच्या चेहऱ्यावर जेवढे असते तेवढेच होते.

चौकीच्या पायरीवर दादांचे हसू संपले.

आत हवालदार चहा पीत होते. दादांना पाहून ते उठले. "या दादा, या. काय सेवा?"

"यांना धरून आणलंय," वहिनी म्हणाल्या.

"कोणी?"

"मी."

"हे आपले कोण?"

"नवरा."

हवालदारांनी दादांकडे पाहिले, दाराशी जमलेल्यांकडे पाहिले. "घरचं भांडण घरी मिटवा वहिनी. इथं कशाला आणता?"

"भांडण नाही. सकाळपासून यांनी एका बाईला खुर्चीवर बसवून ठेवलंय. उठली तर दाबून बसवली. हा गुन्हा आहे ना?"

"ती गल्लीची पद्धत आहे वहिनी. आबांपासूनची. आमचंही काम हलकं होतं, खोटं कशाला बोला."

"गुन्हा आहे की नाही?"

हवालदारांनी पेला खाली ठेवला. "आता असं विचारलंत तर..." त्यांनी कान खाजवला. "तुम्ही यांना धरलं हे कायद्यात बसतं की नाही, मला साहेबांना विचारावं लागेल. पण तक्रार म्हणाल तर ती कुणीही देऊ शकतं. मात्र ज्या बाईला बसवलं, तिनं बोलायला हवं. ती बोलेल का? बोलली तर तिनं काय केलं होतं तेही बाहेर येईल. तिच्या पायावर धोंडा. विचार करा. तिच्यासाठीच सांगतोय."

वहिनींनी याचा विचार केला नव्हता. त्यांचा हात मनगटावरून सैल झाला. दाराशी कोणीतरी म्हणाले, "चला, झालं," आणि लोक पांगायला लागले.

त्या पांगणाऱ्या लोकांतून काजवाली आत आली. खुर्चीवरून तिला कोणी उठवले नव्हते. गल्ली रिकामी झाली तेव्हा ती आपली उठली होती. दिवसभर बसल्याने तिला नीट चालता येत नव्हते. ती टेबलाला धरून उभी राहिली.

"मी सांगते."

"बाई, नीट विचार कर," हवालदार म्हणाले. "चोरीही लिहावी लागेल."

"लिहा. घेतलं मी. मोठा गुन्हा असेल, छोटा असेल, त्याची जी शिक्षा असेल ती मला द्या." तिचा आवाज चढला नाही, थरथरलाही नाही. "मग खुर्चीचं लिहा. ते वेगळं लिहा. माझ्या चोरीत ते धरू नका."

दादा म्हणाले, "अगं, तुला वाचवायलाच तर आम्ही—"

"माहीत आहे दादा," ती म्हणाली. "तुम्ही चौकीत दिलं असतं, तर लेकीला मी सांगितलं असतं. माझ्या तोंडानं."

दादा बाकावर बसले. कोणी बसवले नाही, आपोआप बसले. दाराशी कोणी हसत नव्हते. हवालदारांनी लिहायला घेतले. ते हळू लिहीत, प्रत्येक शब्द पुटपुटत. वहिनी आणि काजवाली शेजारी शेजारी उभ्या होत्या. 'मी पाहिले' असे वहिनींनी दोन वेळा सांगितले. एकदा कार्डाविषयी, एकदा खुर्चीविषयी.

पुढचे सांगते. चोरीबद्दल काजवालीला समज देऊन सोडले. दादांना आणि स्क्रूला दंड झाला, फार मोठा नव्हे. खुर्ची लगेच गेली नाही. वर्षभर ती तिथेच उभी होती, फक्त कोणी तिच्यावर कोणाला बसवत नसे, आणि स्वतःही बसत नसे. लोक वहिनींशी नीट बोलेनासे झाले. सासूबाई तर मरेपर्यंत म्हणत राहिल्या, यांनी मार बंद केला होता. खरेच होते ते. मार बंद करून माणसे थांबली, एवढेच त्यांचे चुकले. आजही मी लोकांना मोबाइलवर असे व्हिडिओ पाहताना बघते. कोणीतरी पकडलेला, कोणीतरी बसवलेला, कडेला हसणारे. प्रत्येकाला वाटते, आपण मारत तर नाही.

पण मला सांगायची आहे ती त्या संध्याकाळची गोष्ट. ती मला त्या लेकीनेच सांगितली, ती स्वतः दोन लेकरांची आई झाल्यावर.

काजवाली घरी पोहोचली तेव्हा लेक दिवा लावून अभ्यासाला बसली होती. पुस्तक उघडे होते. आईने पिशवी खुंटीला अडकवली. लेकीने वर पाहिले नाही.

"आज मी त्या गल्लीनं आलेच नाही," लेक म्हणाली. "मागच्या रस्त्यानं आले."

हेही एक दार होते, उघडून दिलेले. आई उंबऱ्याशी उभी राहिली. मग ती लेकीच्या समोर येऊन जमिनीवर बसली.

"मी होते त्या गल्लीत. खुर्चीवर मीच होते. मी बटणांचं कार्ड चोरलं होतं, ते माझं चुकलं. आणि त्यांनी मला बसवलं, ते त्यांचं चुकलं. दोन्ही सांगून आले मी चौकीत."

लेकीने पुस्तक मिटले नाही. ती त्याच ओळीकडे बघत राहिली. मग तिने चष्मा काढला, फ्रॉकच्या टोकाने पुसला, आणि विचारले,

"पाणी दिलं का गं कुणी?"

काजवालीला आठवावे लागले. दिवसभरातले सगळे चेहरे तिने डोळ्यांसमोर आणले. दादा, मास्तर, इस्त्रीवाला, हवालदार, वहिनीसुद्धा.

"नाही," ती म्हणाली. "कुणाच्या लक्षात नाही आलं."